निलगिरीतील तीन ‘र’

(वार्षिक सहविचार सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज ‘आदिवासी मुलांचे शिक्षण’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ असतात आणि आपण ते ऐकतोही. मी आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवले. तोंडातून आवाज कसा निघतो, एवढाच माझा धंदा. तेव्हा मी तुमच्यापुढे जीभ, टाळू आणि ओठ घेऊनच उभी आहे. बोलता बोलता शाळेपर्यंत पोहोचूच.

आधी एक छोटीशी गोष्ट करून पाहू. लाजू नका, मागच्या बाकांवरचेही. लांब ‘ई’ म्हणा. म्हणतच राहा. जीभ जिथे आहे तिथेच ठेवायची, जरासुद्धा हलवायची नाही. आता फक्त ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल करा. हसू येतेय ना? हा जो आवाज आला तो ‘ई’ नाही आणि ‘ऊ’ही नाही. मराठीत त्याला अक्षर नाही. जर्मन लोक तो रोज वापरतात, फ्रेंचही वापरतात. आणि आपल्याच देशात, तमिळनाडूच्या निलगिरी डोंगरात राहणारे टोडा लोकही वापरतात.

स्वर म्हणजे काय, हे नळाखाली घागर लावणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. आत न बघता, नुसत्या आवाजावरून तिला कळते की घागर अर्धी झाली की काठोकाठ आली. पाणी तेच, धारही तीच. आतली रिकामी जागा लहान होत गेली की आवाज बदलतो. आपल्या गळ्यात आवाज एकच तयार होतो. वरची पोकळी जीभ आणि ओठ मिळून लहान-मोठी करतात आणि त्याच आवाजाचा कधी ‘आ’ होतो, कधी ‘ई’, कधी ‘ऊ’. जीभ वर की खाली, पुढे की मागे, ओठ गोल की पसरट, या तीन गोष्टींवर बहुतेक भाषांचे स्वर उभे असतात. टोडा भाषेत आठ प्रकारचे स्वर आहेत आणि प्रत्येक ऱ्हस्व व दीर्घ, म्हणजे सोळा.

निलगिरीतच त्यांचे शेजारी बडग लोक राहतात. हे शेती करणारे, संख्येने लाखाच्या वर. त्यांच्या भाषेत याहून नवलाची गोष्ट होती. मरे एमेनो हे कॅनडात जन्मलेले भाषातज्ज्ञ 1935 ते 1938 या काळात भारतात राहिले. 1939 साली त्यांनी बडग स्वरांवर एक लेख छापला. स्वर पाचच, पण प्रत्येक स्वर तीन तऱ्हांनी: एक साधा, एक जिभेचे टोक थोडे वर उचलून, आणि एक टोक चांगले मागे वळवून. त्यात ऱ्हस्व-दीर्घ धरले तर एकंदर तीस होतात.

आता ‘ळ’ म्हणायला जीभ वळवा, पण ‘ळ’ म्हणू नका. टोक टाळूला लागू द्यायचे नाही. तसेच अधांतरी धरून ‘ए’ म्हणा. जमतेय का? ‘ए’ जरा घोगरा, र-सारखा वास असलेला येईल. हा तो वळलेला स्वर. या डोंगरात ‘बे’ साध्या ए-ने म्हटले तर ‘तोंड’, थोड्या वळणाने म्हटले तर ‘बांगडी’, आणि पूर्ण वळणाने म्हटले तर ‘पीक’.

इथे सोलापूर-सांगलीकडचे कोणी असतील तर त्यांच्या मनात एव्हाना घंटा वाजली असेल. कन्नडमध्ये तोंडाला ‘बायि’, बांगडीला ‘बळे’ आणि पिकाला ‘बेळे’ म्हणतात. ज्या दोन शब्दांत कन्नडने ‘ळ’ जपला आहे, त्याच दोन शब्दांत बडगांचा स्वर वळलेला आहे. व्यंजन गळून गेले, पण जाताना आपले वळण स्वरात ठेवून गेले. घरातले माणूस गेले तरी त्याच्या बसण्याने गादीला पडलेला खळगा राहतो, तसे म्हणा. मी हे वर्गात शिकवत असे तेव्हा मुले वहीत उतरवून घेत आणि पुढे जात. मला मात्र दर वर्षी थोडे थांबावेसे वाटे.

एमेनोंनी नोंदलेला हा सारा पसारा आज राहिलेला नाही. आताचे बडग बोलणारे मोजक्याच स्वरांत हे वळण पाळतात. कोणी बंदी घातली नाही, कोणी मारले नाही. साठ-सत्तर वर्षांत जीभ आपोआप सरळ झाली.

आता ‘र’कडे येते. माझ्या नातवाला पाच वर्षांचा होईपर्यंत ‘र’ येत नव्हता. ‘राजा’ला तो ‘लाजा’ म्हणायचा आणि घरातले सगळे त्याच्याकडून मुद्दाम म्हणवून घ्यायचे. ‘र’ बहुतेक मुलांना उशिरा येतो, आणि त्याला कारण आहे. बाकीची व्यंजने आपण करतो; लांबवलेला ‘र्रर्र’ मात्र करावा लागत नाही, तो होऊ द्यावा लागतो. कुकरची शिटी आठवा. आत वाफ साठते, वजन उचलते, वाफ निसटते, दाब उतरतो, वजन परत बसते, पुन्हा वाफ साठते. ते वजन कोणी हाताने वर-खाली करत नाही. जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याशी असेच सैल धरायचे. फार ताठ धरले तर ते हलत नाही, ‘ड’ होतो. फार लांब धरले तर नुसता वारा जातो. बेताचे धरले की फुप्फुसातून येणारी हवा ते ढकलून उघडते, आणि हवा वेगाने निसटताना टोक परत ओढले जाऊन बसते. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा. एवढ्या वेगाने कोणताही स्नायू हुकुमावर हलू शकत नाही. घरी ‘तततत’ म्हणून मोजून बघा, सेकंदाला सात-आठच्या वर जाणार नाही. म्हणून मुलाला “जीभ हलव, जीभ हलव” असे सांगून उपयोग होत नाही. त्याला जीभ धरायची कुठे आणि किती सैल, एवढेच शिकायचे असते.

ओठांनीही असाच आवाज निघतो. तान्ही मुले आणि खेळण्यातली मोटार चालवणारी मुले तो दिवसभर काढत असतात. पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावरील केले आणि टिटान या भाषांत ओठांचा हा कंप चक्क शब्दांत येतो. आपण ज्याला पोरखेळ म्हणतो तो तिथे व्याकरणात आहे.

मराठीत आपण दोन स्वरांमध्ये ‘र’ बहुधा एकच टिचकी मारून सोडतो. ‘करा’, ‘मारा’. जोर आला की दोन-तीन टिचक्या. पण आपल्याकडेही एक बारीक भेद आहे, जो आपण न शिकता पाळतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. लग्नघरी ही गल्लत झाली तर जेवणाचे काय होईल विचार करा. या भेदासाठी आपण लिहिण्यातही वेगळी खूण ठेवली. हिंदीला तिची गरज पडत नाही, म्हणून हिंदी माणसाला हा काय नवा आकडा असे वाटते. आपल्या जिभेला जे लागते त्याला आपण कागदावर जागा केली. हा मुद्दा लक्षात ठेवा, मला तो पुढे लागणार आहे.

टोडा भाषेत ‘र’ तीन आहेत. एक दातांकडे सरकलेला, एक आपल्यासारखा हिरडीमागच्या उंचवट्यावरचा, आणि एक मागे वळलेल्या जिभेचा. शिवाय प्रत्येकाचा एक जोडीदार आहे, ज्यात जिभेचा मधला भाग ‘य’ म्हणताना उचलतो तसा उचललेला असतो. एकूण सहा. आणि हे सहाही कंप पावणारे. जगात इतके कंपित ‘र’ वेगळे ठेवणाऱ्या भाषा शोधून सापडायच्या नाहीत. ‘कर्’ असे ढोबळपणे आपल्याला ऐकू येणारे तीन शब्द आहेत. ‘र’ बदलला की एकाचा अर्थ रस, दुसऱ्याचा कापडाचा काठ, तिसऱ्याचा वासरे कोंडण्याची जागा. टोडांचे सारे जगणे म्हशींभोवती. त्यांच्या दुधाच्या खोप्या हीच त्यांची देवळे. त्या घरात वासरांची जागा आणि फळाचा रस एका आवाजात मिसळून चालणार नाही.

हे ‘र’ नेमके कुठे निघतात हे 1996 मध्ये सिनिशा स्पायिच, पीटर लॅडेफोगेड आणि पेरी भास्करराव यांनी एका लेखात मांडले. भास्करराव यांनी आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलेले आहे. लॅडेफोगेड म्हणजे ‘माय फेअर लेडी’ या चित्रपटाचे ध्वनिशास्त्राचे सल्लागार. आपण ‘ती फुलराणी’ पाहिली आहे, तिचे मूळ नाटक तेच. पण खरे लॅडेफोगेड त्या नाटकातल्या प्राध्यापकासारखे बायकांचे उच्चार सुधारत बसले नाहीत. ते दूरदूरच्या खेड्यांत जाऊन लोकांच्या जिभेला काळा रंग लावत. कोळशाची औषधी पूड आणि ऑलिव्हचे तेल यांचे मिश्रण जिभेवर लावायचे, माणसाने एक शब्द म्हणायचा, मग तोंडात आरसा धरून टाळूचा फोटो घ्यायचा. जिथे काळे लागले तिथे जीभ टेकली. पुढच्या शब्दाआधी तोंड धुवायचे. साधे काम, पण त्यासाठी समोरच्याचा विश्वास लागतो. परक्या माणसाला आपल्या तोंडात आरसा घालू देणे ही लहान गोष्ट नव्हे.

मागे वळलेल्या ‘र’बद्दल त्यातून एक सुंदर गोष्ट निघाली. जीभ मागे वळलेली असताना ती फडफडत नाही. ती सुरुवात मागून करते, पुढे झेपावते, आणि कंप होतो तो पुढच्या उंचवट्यापाशीच. म्हणजे तिसऱ्या ‘र’ची ओळख त्याच्या फडफडण्यात कमी आणि तो कुठून आला त्यात जास्त. त्याच्या आधीच्या स्वरावर त्याची सावली पडते आणि टोडा कान ती सावली ऐकतो. परक्या कानाला वाटते, तिन्ही सारखेच.

या डोंगरात आपले लोक फार जुन्या काळी गेले. 1603 साली फेनिसिओ नावाचे जेझुइट धर्मगुरू टोडांना भेटून आले. पुढे बासेल मिशनच्या मेट्झ यांनी तिथे वर्षानुवर्षे काढली. जी. यू. पोप, ज्यांनी तिरुक्कुरळ इंग्रजीत नेले, त्यांनी टोडा व्याकरणाची छोटी रूपरेषा लिहिली. ती 1873 साली मार्शल यांच्या पुस्तकाला जोडून छापली गेली. कॅथरीन लिंग या मिशनरी बाईंनी टोडा स्त्रियांमध्ये कितीतरी वर्षे काम केले. ही माणसे पायी डोंगर चढली. पण त्यांच्या हातात जी अक्षरे होती ती दुसऱ्या भाषांची होती. तमिळमध्ये ‘र’ची अक्षरे दोन, रोमन लिपीत एक. सहा ‘र’ त्यात बसवायचे कसे? जिला रेघ नाही त्या वहीत सरळ लिहा म्हणण्यासारखे ते होते.

शास्ते पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात इफ्ताहाच्या लोकांनी यार्देनेचे उतार अडवले ती हकिगत आपल्याला ठाऊक आहे. पलीकडे जाणाऱ्याला एकच शब्द म्हणायला लावायचे, ‘शिब्बोलेथ’. एफ्राइमी माणसाच्या तोंडी ‘श’ येत नसे, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे, आणि त्याला तिथेच ठार करीत. बेचाळीस हजार, असे तिथे लिहिले आहे. उपदेशात हा उतारा फारसा घेतला जात नाही. पण माझ्या विषयाच्या माणसाला तो टाळता येत नाही, कारण त्यात जे घडते ते शाळेच्या वर्गात रोज, रक्त न सांडता, घडते. मूल घरचा आवाज घेऊन येते. गुरुजींच्या कानाला तो ऐकू येत नाही, कारण त्यांच्या लिपीत तो नाही. ते म्हणतात, “नीट बोल.” मूल दोन-तीनदा प्रयत्न करते आणि मग बोलायचे थांबते. नंतर शेरा पडतो की हे मूल लाजाळू आहे, किंवा मंद आहे.

महाराष्ट्रात टोडा नाहीत. पण एमेनो निलगिरीवरून आपल्याकडेही आले होते. वर्धा भागातल्या कोलामांची भाषा त्यांनी टिपली आणि 1955 साली कोलामीवर पुस्तक छापले. कोलामी ही तेलुगू-कन्नडच्या कुळातली, मराठीची मुळीच नव्हे. मेळघाटातली कोरकू तर मुंडा कुळातली, झारखंडातल्या संथाळीची दूरची बहीण. यवतमाळच्या शाळेत बसलेला कोलाम मुलगा मराठी ‘चुकीची’ बोलत नसतो, तो परकी भाषा शिकत असतो. आपण इंग्रजी शिकताना आपल्याला जी सवलत मिळाली तेवढी तरी त्याला मिळावी. इंग्रजी शब्दांसाठी आपण ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही अक्षरे तयार केली की नाही? ‘बॅट’ आणि ‘ऑफिस’ यांच्यासाठी जागा झाली. वाडीवरच्या आजीच्या शब्दासाठी मात्र लिपी पुरत नाही असे आपण चटकन म्हणतो.

तुम्ही मंडळी वर्गणी देता, त्यातून बालवाडीची पुस्तके छापली जातात, म्हणून सांगते. पुस्तक छापण्याआधी विचारा की ते त्या भाषेतल्या म्हाताऱ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवले का. शिकलेल्या तरुणाला नव्हे. तो आपल्याला बरे वाटावे म्हणून हो म्हणेल. म्हातारी हसली तर समजावे की कुठे तरी अक्षर चुकले. आणि शिक्षक नेमताना, त्याला त्या भाषेतले दोन सारखे भासणारे शब्द वेगळे ऐकू येतात का, हे बघा. पाच मिनिटांचे काम आहे. माझ्या मते चित्रे रंगीत करण्यापेक्षा या दोन गोष्टींवर पैसा खर्च होणे जास्त गरजेचे आहे.

आता उलट बाजूही सांगायला हवी, कारण माझ्या क्षेत्रातले लोक ती टाळतात. 1992 साली काही भाषातज्ज्ञांनी मरणाऱ्या भाषा वाचवा अशी कळकळीची हाक दिली. लॅडेफोगेड यांनी त्याला उत्तर लिहिले. ते म्हणाले की टोडा तरुणांना पूर्वजांचा मान ठेवायचा आहे, पण त्यांना आजच्या भारताचाही भाग व्हायचे आहे, आणि त्यासाठी रोजच्या वापरातली भाषा सोडावी लागली तर ती किंमत द्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. केनियातल्या डहालो भाषेच्या एका माणसाला त्यांनी विचारले होते, तुझी मुले ही भाषा बोलतात का? तो म्हणाला, ऐकून कळते त्यांना, बोलता येत नाही, ती स्वाहिली बोलतात. हे सांगताना तो हसत होता. त्याला खेद नव्हता, उलट मुले शाळेत गेली याचा अभिमान होता. त्याचे चुकले असे म्हणणारा मी कोण, असे लॅडेफोगेड यांनी विचारले.

मी त्यांच्याशी अर्धी सहमत आहे. टोडा सारे मिळून दीड-दोन हजारांच्या आसपास. त्यांनी माझ्या अभ्यासासाठी सहा ‘र’ सांभाळत डोंगरात बसून राहावे, असे म्हणायचा मला अधिकार नाही. पण सोडणे आणि सोडायला लावणे यांत फरक आहे. त्या बापाने निवड केली. वर्गात गप्प झालेल्या सहा वर्षांच्या मुलीने काही निवडलेले नसते. मोठी झाल्यावर तिने ठरवावे की आजीचा ‘र’ ठेवायचा की टाकायचा. पण तोवर तो तिच्या तोंडात असला पाहिजे, नाही तर ठरवण्यासारखे काही उरतच नाही.

एमेनोंनी टोडांची गाणी जमवून 1971 साली सुमारे हजार पानांचा ग्रंथ छापला. म्हशींची गाणी, अंत्यविधीची गाणी, माणसांची नावे गुंफलेली. त्यातला प्रत्येक ‘र’ त्यांनी वेगळ्या खुणेने टिपला आहे. आज एखाद्या टोडा मुलाला पणजोबांचे गाणे पुन्हा म्हणायचे झाले, तर कुठे जीभ दाताकडे न्यायची आणि कुठे मागे वळवायची हे त्याला त्या पानांवरून कळू शकते. जुन्या दोन-अक्षरी लेखनावरून कळले नसते.

लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात जगभरच्या भाषांतले शब्द ऐकायला ठेवले आहेत आणि ते कोणालाही फुकट ऐकता येतात. माझ्या मोबाइलवर असे काही शब्द आहेत. चहाच्या वेळी मी त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते आहे. ज्यांना तीन ‘र’ स्वतः करून बघायचे असतील त्यांनी अवश्य यावे. चहा आधी पिऊन या, जीभ भाजलेली असली तर दातांकडचा ‘र’ जमत नाही.